खाली निखारा, वर निखारा : कोपरी-ठाण्याच्या घरांतील भाजलेल्या पदार्थांचा इतिहास

मैद्याच्या चुरचुरीत पारीत फळांचे, भाजीचे किंवा मांसाचे सारण भरून बंद भट्टीत भाजलेल्या पदार्थाला इंग्रजीत ‘पाय’ म्हणतात आणि मराठी घरांतही आता तेच नाव रूढ झाले आहे. ठाणे स्थानकाच्या पूर्वेकडील कोपरी परिसरातल्या एखाद्या घरात सुट्टीच्या दिवशी असा पाय पहिल्यांदा भाजला जातो, तेव्हा ती अगदी अलीकडची आणि परकी हौस असल्याचा समज सहज होतो. परंतु त्या एका कृतीसाठी ज्या गोष्टी एकत्र याव्या लागतात, त्यांचा एकेक करून माग काढला, तर हा समज फार काळ टिकत नाही. पारी खुसखुशीत करण्याचे ज्ञान, पदार्थाला खालून आणि वरून सारखी आच देण्याची युक्ती, भट्टीच्या अन्नाविषयीचा सोवळ्याओवळ्याचा अडसर दूर होणे, घरात स्वतःची बंद आच असणे आणि हाती एक मोकळा दिवस असणे, अशा या पाच गोष्टी आहेत. यांपैकी पहिल्या दोन या भागातील स्वयंपाकघरांत फार पूर्वीपासून नांदत होत्या आणि उरलेल्या तीन मात्र मिळवाव्या लागल्या, हे दाखवणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

स्थळाची घडण

कोपरी हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव असून ते साष्टी बेटाच्या ईशान्य कडेला, ठाण्याची खाडी आणि आजचा लोहमार्ग यांच्यामधल्या पट्टीत वसलेले आहे. शेजारचा चेंदणी कोळीवाडा आणि मीठ बंदर ही नावे इथल्या जुन्या उपजीविकेची, म्हणजे मासेमारीची आणि मिठाच्या व्यापाराची, साक्ष देतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही सुमारे ३४ किलोमीटरची प्रवासी रेल्वे सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली, आणि या लोहमार्गाने ठाण्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. कोपरी पूर्वेला राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांपैकी काही इथे स्थिरावली आणि त्यांच्या वस्तीमुळे सिंधी कॉलनी हे नाव कोपरीच्या व्यवहारात कायमचे दाखल झाले. खाडीकाठचे आगरी आणि कोळी, ठाण्यात पूर्वापार असलेली चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराणी, साष्टीतील मराठी बोलणारे ख्रिस्ती, सिंधहून आलेली कुटुंबे आणि नोकरीसाठी कोकणातून व देशावरून आलेले चाकरमानी, असे निरनिराळ्या चुलींचे संस्कार घेतलेले लोक इथे काही मैलांच्या परिसरात एकत्र राहिले. त्यामुळे भाजण्याच्या पद्धतींचा इतिहास पाहायचा, तर हा प्रदेश विशेष उपयोगी ठरतो.

पारी आणि आच

पायाच्या पारीचे शास्त्र थोडक्यात असे आहे. मैद्याला पाणी लागताच त्यातील प्रथिनांची चिवट जाळी तयार होते; पण पाणी घालण्यापूर्वी मैद्याच्या कणांना तूप किंवा लोणी चोळून घेतले, तर ती जाळी पूर्ण जुळत नाही आणि भाजल्यावर पारी चिवट न होता खुसखुशीत होते. मराठी स्वयंपाकात या क्रियेला मोहन घालणे म्हणतात, आणि करंजीचे पीठ भिजवणारी कोणतीही गृहिणी मुठीत पीठ आवळून, त्याचा मुटका टिकतो की विस्कटतो यावरून मोहन पुरेसे झाले की नाही हे ओळखत आली आहे. याच्या पुढची पायरी म्हणजे साटा. तूप आणि तांदळाची पिठी एकत्र फेसून केलेल्या लेपाला साटा म्हणतात. तो लाटलेल्या पोळ्यांवर लावून, त्या एकावर एक रचून, त्यांची गुंडाळी करून कापली की कानवल्याला आणि चिरोट्याला सुटे पापुद्रे येतात. कणकेच्या थरांत स्निग्ध पदार्थाचे थर अडकवून पापुद्रे मिळवण्याचे हेच तत्त्व युरोपातील पापुद्री पेस्ट्रीच्या मुळाशी आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत साट्याच्या कानवल्यांना जो मान आहे, तो लक्षात घेतला, तर पारीच्या कलेत ठाण्याच्या स्वयंपाकघराला बाहेरून शिकण्यासारखे फारसे काही उरलेले नव्हते, असे म्हणावे लागते.

मग करंजी भाजली न जाता तळली का गेली, याचे उत्तर साधनांत आहे. तळणीतले तूप पदार्थाला चहूबाजूंनी एकाच वेळी वेढते आणि सारखी आच देते, म्हणजे भट्टीच्या बंद पोकळीचे काम उघड्या चुलीवरची एक कढई करून दाखवते. ज्या घरांत भिंतीतली भट्टी बांधण्याची पद्धत नव्हती, त्यांनी सारण भरलेल्या पारीसाठी कढईचा आधार घेतला, हे स्वाभाविकच होते.

तथापि तळण्याखेरीज दुसरा मार्ग कोकण किनाऱ्याला अवगत होता. जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण ओतून, ते मंद निखाऱ्यांवर ठेवायचे आणि झाकणावरही निखारे पसरायचे, म्हणजे खालून व वरून एकाच वेळी आच मिळून पदार्थ आतपर्यंत शिजतो आणि वरून तांबूस होतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे निनावे याच रीतीने होत असे. श्रावणाच्या सुमारास केल्या जाणाऱ्या या गोड पदार्थात गव्हाचे आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, गूळ, नारळाचे दूध आणि तूप असते, आणि निवल्यावर त्याच्या वड्या कापतात. पाठारे प्रभूंचे भानोले, म्हणजे कोबी किंवा कोळंबी, बेसन आणि नारळाचे दूध यांचे भाजलेले थापट, आणि कोकणातली काकडीची तवसोळी किंवा धोंडस हे याच कुळातले पदार्थ होत. आगरी पट्ट्यात हिवाळ्यात लावली जाणारी पोपटी, म्हणजे भांबुर्ड्याच्या पाल्यासह वालाच्या शेंगा मडक्यात कोंबून, ते मडके पालथे घालून भोवती जाळ करण्याची रीत, हीदेखील बंद आचेचीच एक तऱ्हा आहे. या सर्व पदार्थांत भट्टी बांधलेली नसते. भांडेच काही काळापुरते भट्टी होते. या युक्तीची मर्यादा एवढीच होती, की तिच्यात आच कमी-जास्त करण्यासाठी कुणीतरी सतत निखाऱ्यांजवळ बसून राहावे लागे, आणि ते बसणे जवळजवळ नेहमीच घरातील बाईच्या वाट्याला येई.

पोर्तुगीजांची भट्टी

बांधीव भट्टी आणि फुगवलेला पाव या दोन गोष्टी या किनाऱ्यावर पोर्तुगीजांमुळे रुजल्या. १५३४ च्या वसईच्या तहाने वसई आणि तिच्या अखत्यारीतील प्रदेश त्यांच्याकडे गेला, ठाण्यावर त्यांची सत्ता सुमारे दोन शतके राहिली, आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व १७३९ मध्ये वसई जिंकून ती संपवली. सत्ता गेली तरी शब्द आणि पदार्थ राहिले. मराठीतला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. युरोपात पावाचे पीठ फुगवण्यासाठी जे खमीर वापरत, ते इथे मिळेना, तेव्हा ताडामाडाच्या आंबलेल्या रसाने, म्हणजे ताडी-माडीने, पीठ फुगवण्याची पद्धत पडली, आणि ताडामाडांची वाण नसलेल्या या किनाऱ्यावर ती सहज टिकली.

साष्टी, वसई आणि ठाणे येथील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. या समाजाच्या नाताळच्या फराळात दोन्ही परंपरा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. त्यातली नेवरी ही करंजीची सख्खी बहीण आहे, तर रवा, खोबरे, बदाम, साखर आणि अंडी यांच्या मिश्रणाचे थाळीत ओतून भाजलेले ‘थाळी स्वीट’ खाली-वर निखारे ठेवून किंवा भट्टीत तयार होत असे. मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या परिसरात आणि साष्टीतील ख्रिस्ती पाड्यांत नाताळच्या आधीचे दिवस अशा भाजण्या-तळण्याचे असत.

या मिश्रणाचे सर्वात पूर्ण रूप मात्र गोव्यात पाहायला मिळते. तिथल्या ख्रिस्ती घरांतील ‘आपा द कामरांव’ हा पदार्थ म्हणजे खरोखरीचा कोळंबीचा पाय आहे: पारीसाठी रवा किंवा तांदूळ आणि नारळ, फुगवण्यासाठी माडी, सारणासाठी मसाल्यात परतलेली कोळंबी, आणि सारणाच्या वर-खाली पारी घालून भाजणे. बेबिंक या थरांच्या गोड पदार्थात तर प्रत्येक थर ओतल्यावर त्याला वरून निखाऱ्यांची आच देतात, म्हणजे निनाव्याच्या झाकणावरचा निखारा इथे थराथराला लागतो. मराठी-कोकणी किनाऱ्यावर पाय नव्हता असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. तो होता, पण एका समाजाच्या सणाच्या ताटापुरता होता, आणि तो इतर घरांत का पोहोचला नाही याचे कारण चवीत शोधून चालणार नाही.

बाटण्याची भीती

भट्टीचे अन्न हे ख्रिस्ती किंवा मुसलमान हातचे अन्न, या समजुतीमुळे हिंदू उच्चवर्णीय घरांत पाव-बिस्किटांना दीर्घकाळ मज्जाव होता. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, आणि त्या कितपत घडल्या यापेक्षा त्या इतक्या सहज खऱ्या मानल्या गेल्या, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे, कारण जातिभेद सोडल्याचा याहून स्पष्ट पुरावा त्या काळी दुसरा नव्हता. सभेचे काम गुप्तपणे चाले, आणि सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आल्यावर १८६० च्या सुमारास ती विस्कटली.

पुढे १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. कल्याणमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध केली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढची काही वर्षे गाजत राहिला. समाजातील अग्रणी पुरुषांना एका कप चहासाठी आणि बिस्किटासाठी धर्मपीठापुढे जाब द्यावा लागत असेल, तर चाळीतल्या किंवा वाड्यातल्या गृहिणीने भट्टीचा पदार्थ घरात आणण्याची कल्पना करणेही किती अवघड होते, हे यावरून ध्यानात येते.

हा अडसर एका दिवसात दूर झाला नाही. शहरातील नोकरी, इराण्यांची हॉटेले, रेल्वेचा प्रवास आणि शाळा-महाविद्यालयांतला सहवास यांनी तो हळूहळू झिजवला. पाठारे प्रभू समाजाने युरोपीय पाकक्रिया इतरांच्या आधी आणि मोकळेपणाने आपल्याशा केल्या. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हा १९१० च्या सुमाराचा ग्रंथ पाकक्रियांचे ज्ञान छापील रूपात मराठी घरांत नेणाऱ्या आरंभीच्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक आहे. मुंबईच्या इराणी आणि पारशी बेकऱ्यांनी नानकटाई, खारी, मावा केक आणि ब्रून पाव रोजच्या चहाचे सोबती केले, आणि फोर्टमधील यझदानी बेकरीसारख्या ठिकाणी सफरचंदाचा पायही मिळू लागला. ठाण्याहून लोकलने मुंबईत कामाला जाणाऱ्या माणसाला पायाची पहिली ओळख बहुधा अशा एखाद्या काउंटरवर झाली असावी.

रविवार मिळाला तेव्हा

सुट्टी हा शब्द आज इतका सवयीचा झाला आहे, की तिलाही आरंभ आहे हे विसरायला होते. पंचांगातल्या सणावारांना कामाची खोटी होई, पण दर सात दिवसांनी येणारा, कोणत्याही व्रताशी न बांधलेला मोकळा दिवस ही गिरणी आणि कचेरीच्या युगातली गोष्ट आहे, आणि ती मिळवून देण्यात ठाण्याचा वाटा मोठा आहे. ठाण्यात १८४८ मध्ये जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी ही मागणी सतत लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, म्हणून कामगारांना त्या दिवशी मोकळीक हवी, हा त्यांचा युक्तिवाद कामगारांच्या श्रद्धेशी आणि गरजेशी एकाच वेळी नाते सांगणारा होता. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत झालेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ मिळाले.

ज्या वर्षाच्या जूनमध्ये कामगारांना रविवार मिळाला, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात बिस्किटावरून वादळ उठले. एकीकडे मोकळा दिवस कामगाराच्या हाती येत होता आणि दुसरीकडे भट्टीचा पदार्थ ओठांपाशी अडवला जात होता. सुट्टीच्या दिवशी घरी काही भाजावे, ही आजची साधी इच्छा पूर्ण होण्यासाठी या दोन्ही बाजू मोकळ्या व्हाव्या लागल्या. लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवाराचे एक अपुरेपणही इथे नोंदवले पाहिजे. गिरणीचा भोंगा रविवारी वाजेनासा झाला, पण चूल रविवारीही पेटवावीच लागे, आणि घरातला पुरुष घरी असल्यामुळे त्या दिवशी स्वयंपाक उलट वाढे. स्त्रीच्या कामाला साप्ताहिक सुट्टी कोणत्याही कायद्याने दिली नाही, आणि पुढचा सगळा इतिहास वाचताना हे भान सोडता येत नाही.

बिस्किटे पाडून आणणे

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर भट्टी आणि घर यांच्यात एक सुंदर तडजोड झाली. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घरून घेऊन जवळच्या बेकरीत जायचे आणि तिथल्या भट्टीत आपल्या मालाची नानकटाई व बिस्किटे भाजून आणायची, अशी रीत मुंबई-ठाण्यापासून पुणे-कोल्हापूरपर्यंत पडली. याला बोलीत ‘बिस्किटे पाडून आणणे’ म्हणत, आणि त्यासाठी बेकरीवाल्याला द्यायच्या मजुरीला भाजणावळ असा जुना शब्द आहे. दळणावळ देऊन गिरणीतून पीठ आणावे, तशीच ही सोय होती: माल घरचा, आच दुसऱ्याची.

या रीतीमागे आर्थिक आणि सांस्कृतिक अशी दुहेरी कारणे होती. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडा या वनस्पती तुपाने बिस्किटांचा खर्च साजूक तुपापेक्षा बराच खाली आणला आणि मध्यमवर्गीय घराला किलोच्या हिशेबाने बिस्किटे करणे परवडू लागले. त्याचबरोबर तूप कोणते, अंडे घातले की नाही, हात कुणाचा लागला, या शंकांचे समाधान माल घरचा असल्यामुळे आपोआप होई. बाटण्याची जुनी भीती या डब्यात बसून निमूटपणे विरून गेली, असे म्हटले तर ते अवास्तव होणार नाही. बेकरीच्या दृष्टीनेही वेळ सोयीची असे, कारण पावाला कडक आच लागते आणि नानकटाईला मंद; पावाचा घाणा उतरल्यावर निवत चाललेल्या भट्टीची उरलेली ऊब या बिस्किटांच्या कामी येई. तूप आणि पिठीसाखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसणे, मैद्याच्या निम्म्याच्या आसपास तुपाचे प्रमाण राखणे, गोळे ट्रेमध्ये अंतर ठेवून मांडणे, हे सारे बाया आणि मुले मिळून बेकरीच्या ओट्यावर करीत, आणि पत्र्याचे डबे भरून घरी येत, तेव्हा वाटेवरच्या सगळ्यांना सुट्टी लागल्याचे वासावरूनच कळे.

नानकटाईचा स्वतःचा प्रवासही अशाच देवघेवीचा आहे. फारसी ‘नान’ म्हणजे रोटी हा शब्द तिच्या नावात आहे, आणि सुरतेतील डच वखारीच्या काळातल्या भट्टीतून ती पारशी दोटीवाला घराण्याच्या हाती आल्याची परंपरा सांगितली जाते. कोपरीच्या संदर्भात आणखी एक धागा जोडावा लागतो, तो सिंधी कुटुंबांचा. सिंधी घरांत खताईला सणासमारंभाच्या पाहुणचारात मानाचे स्थान आहे, आणि कोपरीत मराठी नानकटाई व सिंधी खताई एकाच वस्तीत शेजारी शेजारी नांदल्या. युरोपातही मध्ययुगीन गावांत घरोघरी भट्ट्या नव्हत्या. मळलेले पीठ गावच्या सामाईक भट्टीवर नेऊन, मोबदला देऊन भाजून आणण्याची पद्धत होती. म्हणजे ज्या प्रदेशातून पाय आला, तिथेही सामान्य घराला स्वतःची भट्टी उशिरानेच मिळाली, आणि बेकरीच्या ओट्यावर ट्रे घेऊन उभी राहिलेली ठाण्यातली गृहिणी त्याच वाटेवरचा एक टप्पा चालत होती.

घरची बंद आच

गॅसची शेगडी घरात आल्यावर कोळसा आणि रॉकेल मागे पडले. चूल सोपी झाली, पण तिच्याबरोबर निखाराही गेला, आणि त्यासोबत निनाव्याच्या झाकणावरची आच गेली. काही जुने पदार्थ या काळात मागे पडले, त्याचे एक कारण हेच आहे. पोकळी भरून काढली ती ॲल्युमिनियमच्या गोल विजेच्या ओव्हनने. झाकणाला मधोमध काच, झाकणात किंवा तळाशी विजेच्या तारेचे वेटोळे, आणि भोकाचा केक करण्यासाठी एक साचा, असे याचे रूप असे, आणि १९७० व १९८० च्या दशकांत अनेक मध्यमवर्गीय मराठी घरांत तो मोठ्या जपणुकीने वापरला गेला. याची रचना नीट पाहिली, तर तो निनाव्याच्या पातेल्याचाच वंशज वाटतो: झाकणावर निखारे होते, तिथे आता तापणारी तार आली. ज्यांना तोही परवडत नसे, ते शिटी आणि रबरी कडे काढलेल्या कुकरच्या तळाशी वाळूचा किंवा जाड्या मिठाचा थर देऊन त्यावर भांडे ठेवीत आणि केक करीत.

याच सुमारास पाककृतींचे छापील ज्ञानही वाढले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्यांच्या मापांमुळे नव्या संसारातील मुलींना भरवशाचे वाटले. पुढे तापमान आणि वेळ ठरवून देता येणारे चौकोनी ओव्हन आले, आणि निखाऱ्यांजवळ बसून राहण्याचे बंधन प्रथमच सुटले. पाय घरी होण्यासाठी ही गोष्ट निर्णायक होती, कारण १८० ते २०० अंश सेल्सिअसची स्थिर आच पाऊण तास राखणे निखाऱ्यांवर फारच जिकिरीचे असते.

मोकळा दिवस आणि घरची आच यांची सर्वात मोठी गाठ २०२० मध्ये पडली, आणि ती दुःखाच्या छायेत पडली. २३ मार्चपासून मुंबईची उपनगरी लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. १५ जूनला लोकल पुन्हा धावू लागली, तीही अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती. ज्या कोपरीचा दिवस १८५३ पासून रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेला होता, तिथे रुळांवरचा तो आवाजच थांबला. आजार, बेकारी आणि विरह यांनी भरलेल्या त्या महिन्यांत, ज्यांच्या घरी धान्य आणि निवारा शाबूत होता, त्यांतल्या अनेकांनी पाव, केक आणि पाय पहिल्यांदा घरी भाजून पाहिले. बेकरीचा ओटा बंद असल्यामुळे बिस्किटे पाडून आणण्याची वाट नव्हती, आणि भाजायचे तर ते घरीच भाजावे लागणार होते.

कोपरीतला पाय

कोपरीच्या हवेत पाय करणे हे थंड देशांतल्यापेक्षा कठीण काम आहे. लोणी तिशीच्या पुढच्या तापमानात वितळू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत खाडीकाठची उष्ण, दमट हवा नेमकी तिथेच असते. मैद्यात चोळताना लोणी विरघळले, तर पारीला थर सुटत नाहीत. त्यामुळे बर्फाचे पाणी, मळलेले पीठ फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवणे आणि हाताच्या तळव्याऐवजी बोटांच्या टोकांनी मोहन चोळणे, हे उपाय करावे लागतात. सारणाचे पाणी पारीत मुरू नये म्हणून खालची पारी आधी कोरीच थोडी भाजून घेतात. सफरचंद हिमाचल-काश्मीरचे असते, पण मे महिन्यात हापूस किंवा पायरी, आणि एरवी ओले खोबरे व गूळ, हेही सारण म्हणून चालते. विशेष म्हणजे साध्या पारीला मैदा, लोणी किंवा तूप, मीठ आणि पाणी एवढेच लागते. तिच्यात अंडे अनिवार्य नाही, त्यामुळे केकपेक्षा पाय शाकाहारी घराला अधिक जवळचा पडतो. करंजीच्या पिठावर ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांचा हात या पारीवरही लवकर बसतो, कारण मुठीतल्या मुटक्याची ती जुनी कसोटी इथेही लागू पडते.

या इतिहासातील पदार्थ ओळीने पाहिले, की एक गोष्ट ठळकपणे दिसते. निनावे श्रावणाचे, करंजी दिवाळीची, नेवरी नाताळची आणि नानकटाई शाळा सुटण्याची; प्रत्येकाला पंचांगातला किंवा वर्षातला एक दिवस नेमून दिलेला आहे आणि तो दिवस आला की ते करणे हे घरातील स्त्रीचे कर्तव्य ठरलेले आहे. पायाला मात्र या भूमीत कोणताही सण नाही, कोणत्याही देवाला त्याचा नैवेद्य लागत नाही, आणि तो न केल्याने कुणाचा मान राहायचा राहत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी कोपरीतल्या घरात तो भाजला जातो, तेव्हा कुणालातरी तो करावासा वाटला, एवढेच त्याचे निमित्त असते. घरातले पुरुष आणि मुले पीठ मळायला आणि भांडी घासायला बाजूला उभी राहिली, तर लोखंड्यांच्या रविवारातून जी एक व्यक्ती वगळली गेली होती, तिच्याही वाट्याला त्या दिवसाचा थोडा भाग येतो. झाकणावर निखारे मांडून धुरात बसलेल्या आजीची विद्या आणि ठाण्याच्या एका माणसाने कामगारांसाठी मिळवलेला वार, या दोन वारशांची आठवण ठेवून हा पदार्थ केला जावा, इतका त्या दोघांचा त्याच्यावर हक्क आहे.